भांडायला तरी ये

गुडरून थ्यूगेसनच्या वर्गात अडतीस वर्षांत एकही भांडण दोन मिनिटांच्या वर टिकलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, नुसतं सांगते. मी शाळेच्या कचेरीत बसते, माझ्या खिडकीतून सगळं मैदान दिसतं आणि समोर भिंतीवर घड्याळ आहे.

तिची पद्धत साधी होती. दोन पोरं एकमेकांच्या झिंज्या धरून चिखलात लोळत असली की ती शांतपणे जाऊन त्यांच्याजवळ उभी राहायची. आवाज चढवायची नाही. मान जराशी तिरकी करून म्हणायची, "आपण असं करतो का?" पोरं झिंज्या सोडायची, उठायची, हात मिळवायची आणि पुढचे तीन आठवडे एकमेकांचं तोंड बघायची नाहीत. गुडरून याला समेट म्हणायची. मुख्याध्यापक प्रेबेनही म्हणायचे. दरवर्षी अहवालात तसं मीच टंकायची, त्यामुळे मला नावं ठेवायला फारशी जागा नाही.

हे वळण तिला घरातून लागलं होतं. लिमफ्योर्ड खाडीच्या पलीकडच्या काठावर तिच्या वडिलांची शेती. आईवडील चौदा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पण भांडले कधीच नाहीत, हे ती अभिमानानं सांगायची. जेवताना वडील म्हणायचे, "गुडरून, आईला सांग, बटाटे दे." आई म्हणायची, "गुडरून, बाबांना सांग, बटाटे त्यांच्या नाकासमोरच आहेत." पोर मधे बसून दोन्हीकडचे निरोप पोचवायची. तिथेच ती शिक्षिका झाली असं माझं मत आहे.

"आमच्या घरात कधी कुणी आवाज चढवला नाही, बिर्गिट," ती मला म्हणायची. "काय शांतता होती!"

"शांतता स्मशानातपण असते," मी म्हणायची.

ती हसायची नाही. विनोद हा भांडणाचा धाकटा भाऊ, असा तिला कायम संशय.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नगरपालिकेला साक्षात्कार झाला, की आपल्या मुलांना संघर्ष हाताळता येत नाही. येणार कसा? आम्ही करूच देत नव्हतो. पण नगरपालिकेनं त्यावर उपाय म्हणून यानिकला पाठवलं.

यानिक तिशीचा, दाढी कोरलेली, बूट पांढरेशुभ्र. आमच्या गावात वर्षाचे दहा महिने चिखल असतो आणि उरलेले दोन वारा, पण त्याचे बूट कधी मळले नाहीत. तो कुठे पाय ठेवायचा कोण जाणे. त्याच्या पत्रावर 'संघर्ष मार्गदर्शक' असं लिहिलेलं होतं. त्यानं आल्या आल्या संघर्षाचा जिना समजावून सांगितला. भांडण म्हणे एकदम होत नाही, पायरी पायरीनं चढतं. पहिली पायरी मतभेद, दुसरी कुरबूर, तिसरी टोमणे, चौथी अबोला, पाचवी गटबाजी, सहावी उघड वैर, सातवी फारकत. शहाण्या माणसानं आपण कुठल्या पायरीवर आहोत ते ओळखून खाली उतरावं.

इथवर ठीक होतं. पण आम्ही पडलो सरळ माणसं. जिना म्हटल्यावर प्रेबेननं तो जिन्यावरच लावायचं ठरवलं. शाळेच्या जिन्याच्या पायऱ्या एकवीस, म्हणून दर तीन पायऱ्यांना एक पाटी, रंगीत, खाली हिरवी आणि वर जाता जाता लालभडक. आता पाचवी ब म्हणजे गुडरूनचा वर्ग वरच्या मजल्यावर. त्यामुळे ती बावीस पोरं रोज सकाळी आठ वाजता मतभेदापासून निघून अबोल्यावर दम खाऊन उघड वैर ओलांडून फारकतीला पोचायची आणि तिथे त्यांचा गणिताचा तास सुरू व्हायचा. पोरांना नवीन शिवी मिळाली ती वेगळीच. "ए, तू सहावीवर आहेस!" "तू सातवीवर, तुझा बाप सातवीवर!" एकाच्या बापाचा खरंच घटस्फोट चालला होता, पोरगं दोन दिवस शाळेत आलं नाही. यानिकनं लिहून घेतलं, की मुलांनी संकल्पना आत्मसात केली आहे.

गुडरूनला यानिक आवडला. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: कुणाची बाजू घ्यायची नाही.

आणि मग आला वीबेचा वाढदिवस.

वीबे आणि तिची आई टिल्डे वर्षापूर्वी कोपनहेगनहून इथे आल्या. दोघीच. मासळीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. वीबे बारीक, चष्मा लावणारी, बोलायला तिखट. तिच्या शेजारी बाकावर सिल्ये बसायची आणि त्या दोघी वर्षभर एकमेकींच्या डब्यातली राय ब्रेडची सँडविचं अदलाबदल करून खायच्या. आमच्याकडे वाढदिवसाचा कायदा देशाच्या घटनेहून कडक आहे. बोलवायचं तर अख्ख्या वर्गाला, नाहीतर सगळ्या मुलींना, नाहीतर सगळ्या मुलांना. मधलं काही चालत नाही. टिल्डेलाही हे ठाऊक होतं, पण तिनं घरातल्या खुर्च्या मोजल्या. पाच. म्हणून वीबेनं तिघींना बोलावलं. चौथी सिल्ये तर येणारच, तिला वेगळं काय सांगायचं, असं वीबेला वाटलं. सिल्येला वाटलं, मला बोलावलंच नाही. दहा वर्षांच्या मुलींची एवढीशी चूक. दोघींनी एकमेकींना कचकचून चार शिव्या दिल्या असत्या तर डब्याच्या सुट्टीपर्यंत मिटलं असतं.

पण सिल्ये रडायला लागली आणि गुडरून तिथे पोचली. "आपण असं करतो का?" हात मिळवले गेले. एक मिनिट चाळीस सेकंद. दुसऱ्या दिवसापासून सिल्ये मागच्या बाकावर.

सिल्येची आई मायब्रिट ही पाचवी 'ब'ची पालक-प्रतिनिधी. गावातलीच, स्वतः गुडरूनची जुनी विद्यार्थिनी. तिनं शाळेच्या ॲपवर सगळ्या पालकांना भलं मोठं पत्र लिहिलं. त्यात कुणाचंही नाव नव्हतं आणि कुणालाही शंका नव्हती. टिल्डेनं त्याच संध्याकाळी माफी मागितली, आपलं चुकलं म्हणाली आणि अख्ख्या वर्गाला, एकवीसच्या एकवीस पोरांना, शनिवारी दोन वाजता बोलावलं.

एवढ्यावर संपलं असतं. पण आता आमच्याकडे तज्ज्ञ होता.

यानिकनं पाहणी करून सांगितलं, की संघर्ष चौथ्या पायरीवर असून पाचवीकडे सरकतो आहे, तेव्हा सगळ्यांनी एक पाऊल मागे घ्यावं, दोन्ही कुटुंबांना मोकळी जागा द्यावी आणि कोणतीही बाजू घेऊ नये. ते पत्रक मी टंकलं. शुद्धलेखनही मीच तपासलं. एकही चूक नव्हती.

मग टिल्डेला उत्तरं यायला लागली. वाढदिवसाला जावं तर वीबेची बाजू घेतल्यासारखं होईल, असं एका घरात कुणाला तरी वाटलं आणि मग ते शहाणपण घराघरांत पसरलं. "आम्ही या प्रसंगी तटस्थ राहू इच्छितो. वीबेला खूप खूप शुभेच्छा!" आणि पुढे तीन चिमुकले झेंडे; आमच्याकडे वाढदिवसाला झेंडेच लावतात. एकवीस घरांतून एकवीस नकार, सगळे गोड, सगळ्यांना झेंडे. टिल्डे गुरुवारी कचेरीत आली. तिनं फ्योर्डपलीकडच्या खासगी शाळेत वीबेचं नाव घालायचा अर्ज माझ्यासमोर ठेवला.

"सोमवारी पाठव," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत थांबते. पोरगी म्हणतेय, कुणीतरी येईल."

मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. शाळा सोडणारी पोरं मी खंडीनं पाहिलीत, पण शुभेच्छांनी हाकललेली ही पहिलीच.

शुक्रवारी शेवटचा तास वर्गाच्या गप्पांचा. दर आठवड्याला एक जण घरून केक आणतो, केक खाता खाता आठवड्याची गाऱ्हाणी मांडायची. यानिकही मागे वही घेऊन बसला होता. मी कागद द्यायला म्हणून गेले आणि दारातच थांबले. गुडरूननं विचारलं, "उद्या वीबेकडे कोण कोण जाणार?"

एकही हात वर झाला नाही. सगळी पोरं ताठ बसली होती. पाढे पाठ झालेत आणि आता बाई शाबासकी देणार, असे चेहरे.

"आम्ही बाजू घेत नाही," एक मुलगा म्हणाला. "तूच शिकवलंयस, गुडरून."

मग एक हात वर गेला. वीबेचा.

"मी गेले तर चालेल का?" तिनं विचारलं. "की ती पण बाजू होईल?"

कुणी हसलं नाही. यानिकनं वहीत काहीतरी लिहिलं. मी नंतर पाहिलं: 'विनोदबुद्धी शाबूत. चांगलं लक्षण.' मला आयुष्यात फार थोड्या माणसांच्या डोक्यात वही घालावीशी वाटली, त्यांतला तो एक.

तास सुटल्यावर गुडरून माझ्यासमोर येऊन बसली. कोट चढवलेला, पिशवी मांडीवर.

"बिर्गिट," ती म्हणाली, "त्या पोरीचं तोंड पाहिलंस? बटाट्यांचा निरोप पोचवून झाल्यावर मी अशीच बसायची."

"मग?"

"मग काय? शिक्षक मुलांच्या घरच्या वाढदिवसाला जात नाहीत. सगळ्यांकडे जावं लागेल."

"अडतीस वर्षांत कुणी बोलावलं का तुला?"

"नाही," ती म्हणाली. मग उठली आणि दारात थांबून म्हणाली, "उद्या दोनला पाच मिनिटं कमी असताना गाडी घेऊन ये."

आमच्याकडे दोन म्हणजे दोन. आधी आलेला माणूस गाडीत बसून घड्याळ बघतो, उशिरा येणारा मेलाय असं धरून चालतात. आम्ही दोन वाजता घंटी वाजवली तेव्हा वरून धावत येणारी पावलं ऐकू आली, दार उघडलं आणि वीबेचा चेहरा दिसला. आम्हाला पाहून तो आधी पडला. मग तिला आपण पाहुण्यांशी कसं वागायचं ते आठवलं आणि ती म्हणाली, "या ना."

जिन्यापासून टेबलापर्यंत कागदी झेंडे लावलेले. टेबल म्हणजे झोपायच्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून काढून सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर टाकलेलं, त्याला जोडून इस्त्रीची फळी, वर पांढरी चादर. बावीस बश्या. बावीस कागदी पेले. बन्सचे ढीग, लोणी, किटलीत गरम कोको. आणि मधोमध केकबाई, म्हणजे मुलीच्या आकाराचा केक: हातभर लांबीची, साखरेचे डोळे, चॉकलेटचे केस, चष्माही काढलेला. टिल्डे स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती आणि धुतलेलीच बशी पुन्हा धूत होती.

दोन पाच झाले. दोन दहा झाले. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली, थांबली नाही.

"केकबाई कापायची नाही का?" मी विचारलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"गळा कापताना सगळ्यांनी ओरडायचं असतं," वीबे म्हणाली. "ओरडायला कोणी नाही." मग तिनं गुडरूनकडे पाहिलं. "तू कुणाच्या बाजूनं आलीस?"

अडतीस वर्षांची सवय, एका दमात कशी सुटेल? गुडरूननं बश्यांकडे पाहिलं, झेंड्यांकडे पाहिलं.

"तुझ्या," ती म्हणाली.

एवढा एक शब्द बोलून तिचे कान लाल झाले. मग ती उठली, पर्समधून फोन काढला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, मायब्रिटला लावला. आवाज मोठा ठेवून.

"मायब्रिट, गुडरून बोलतेय. तुला टिल्डेचा राग आलाय ना?"

"अगं छे छे! राग कसला! आम्ही फक्त जरा जागा—"

"खोटं बोलू नकोस. पाचवीत असताना केर्स्टिननं तुझी सायकल धक्क्यावरून पाण्यात ढकलली होती. आठवतं?"

"...हो."

"मी मिटवलं होतं. तू तिच्याशी बोलतेस का आता?"

"ती माझ्या समोरच्या घरात राहते," मायब्रिट म्हणाली. "नाही बोलत."

"तीस वर्षं! माझ्यामुळे!" गुडरूनचा आवाज फाटला. "मी मिटवलं नाही गं, मी फक्त झाकण लावलं. चुकलं माझं. आता ऊठ आणि इकडे ये. वाढदिवसाला नको येऊस. भांडायला तरी ये. जे काय पत्रात गोल गोल लिहिलंस ते तिच्या तोंडावर बोल. आणि सिल्येला घेऊन ये."

फोन ठेवून ती खुर्चीत बसली आणि तिनं एक बन लोणी न लावताच खाल्ला. वीबे तिच्याकडे डोळे विस्फारून बघत होती. टिल्डे स्वयंपाकघराच्या दारात आली होती. "ती येणार नाही," ती म्हणाली. "इथे कुणी भांडायला येत नाही. इथे लोक झेंडे पाठवतात."

मायब्रिट बारा मिनिटांत आली. घंटी न वाजवता. गाल लाल, कोटाची बटणं वरखाली लागलेली, मागे सिल्ये. कुणाला नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ स्वयंपाकघरात.

"खुर्च्या! माझ्या पोरीला सांग ना आता, तुझ्यासाठी खुर्ची नव्हती म्हणून!"

"पाचच आहेत! मोज! मोज ना!"

"खाली बसली असती ती! वर्षभर तुझ्या पोरीच्या शेजारी बसली, तेव्हा नाही मोजल्यास खुर्च्या!"

"माफी मागितली ना मी? एकवीस जणांची! आणि तू काय केलंस? पत्र! सगळ्या गावाला! नाव न घेता! अगं घ्यायचं होतंस नाव, धमक होती तर!"

"तुमच्या कोपनहेगनला चालत असेल तसं—"

"हो चालतं! तिथे लोक निदान तोंडावर शिव्या देतात, मग घरी बोलावून कॉफी पाजतात!"

"मग जा ना तिकडेच!"

"जातेच आहे! शाळा सोडायचा अर्ज दिलाय! सोमवारी जाईल!"

मग मायब्रिटचा आवाज आला आणि तो आधीपेक्षा मोठा होता. "सोमवारी? आणि माझ्या पोरीनं काय करायचं? रोज शाळेतून येऊन रडतेय ती! डबा तसाच परत आणते! अदलाबदल करायला कुणी नाही म्हणते! आणि तू खुशाल उठून जाणार? लाज नाही वाटत?"

काहीतरी फुटलं. बशी असावी, धुतलेली.

मी गुडरूनकडे पाहिलं. ती उठली होती. मान जराशी तिरकी झाली होती आणि मला वाटलं, झालं, संपलं, आता ही जाऊन दोन मिनिटांत सगळ्यावर पाणी ओतणार. ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

"त्या भांडतायत," वीबे घाबरून म्हणाली. "थांबव ना."

गुडरूननं दार ओढून घेतलं, बाहेरून, नीट, कडी लागेपर्यंत.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "फार दिवसांचं राहिलंय त्यांचं. आपण खाऊन घेऊ."

सिल्ये अजून दारातच उभी होती, अंगात कोट, हातात भेटवस्तूची चपटी पुडी. आतून मायब्रिट, मग टिल्डे, मग दोघी एकदम. सिल्येनं टेबलाकडे पाहिलं, रिकाम्या बश्या मोजल्या आणि चष्मेवाल्या केकबाईकडे पाहिलं.

"अजून कापली नाहीस?"

"ओरडायला कोणी नव्हतं."

"मी अजून चिडलेलीच आहे तुझ्यावर," सिल्ये म्हणाली.

"माहितीये. पण ओरडशील?"

सिल्येनं पुडी टेबलावर ठेवली, कोट काढला, वीबेच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि छाती भरून श्वास घेतला. वीबेनं सुरी केकबाईच्या गळ्यावर टेकवली. मग सिल्ये ओरडली. आठवडाभराचं सगळं त्यात होतं. खालच्या मासळीवाल्यानं छताला काठी ठोकली, माझे कान वाजले आणि डोळे भरून आले. आणि तिच्या पाठोपाठ, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून, डोळे मिटून, बासष्ट वर्षांत पहिल्यांदा, गुडरून ओरडली.